मदत हवी आहे : खानापूरहून शार्कच्या अभ्यासाकडे कसं जायचं?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय झूलॉजी. मला शार्कचा अभ्यास करायचाय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपल्याकडं समुद्र कुठाय गं? बी.एड. कर, जवळपास नोकरी बघू." रागानं नाही, काळजीनं म्हणाले. म्हणून उलट बोलवत नाही.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. मामीबरोबर कॅम्पातल्या मासळी बाजारात गेले होते. मासेवाल्या मावशींनी हातभर लांब मुशी, म्हणजे छोटा शार्क, चिरली आणि आतून बोटाएवढी सात पिल्लं निघाली. प्रत्येकाला दोऱ्यासारखी नाळ. माशाला नाळ! मावशींना त्याचं काहीच नवल नव्हतं, मी मात्र तिथंच उभी राहिले. नंतर वाचलं की ही स्कोलिओडॉन, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरपूर सापडणारी छोटी मुशी. बांगडा हजारोंनी अंडी टाकतो, हिला एका वेळी पिल्लं फार तर वीसेक. मग एवढ्या मुशा रोज बाजारात येतात, त्या भरून कशा निघणार? हा प्रश्न काही केल्या सुटत नाही.

युजिनी क्लार्क या अमेरिकन शार्क-अभ्यासक बाईंबद्दलही वाचलं. 1950 च्या दशकात फ्लोरिडात त्यांनी लेमन शार्कना शिकवलं की पाटी ढकलली की खाणं मिळतं. मध्ये काही आठवडे सराव बंद होता, तरी ते विसरले नाहीत. मला असं काम करायचंय.

एम.एस्सी.ला कारवार बरं की गोवा विद्यापीठ? सीमाभागातल्या मुलांसाठी महाराष्ट्रात जागा असतात म्हणे, त्या याला लागू होतात का? आणि सगळ्यात मोठी शंका : सगळे सांगतात की आपल्याकडं शार्कचं काम म्हणजे जेटीवर (होड्यांच्या धक्क्यावर) मेलेले मासे मोजणं. तिथून सुरुवात केली तर जिवंत शार्क कसा वागतो, इथपर्यंत पोचता येतं का? पोहायला मी मलप्रभेत शिकले, समुद्रात कधी उतरलेले नाही.

कोडीबागचा_विद्यार्थी : शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण मीही त्यातच अडकलो होतो. कर्नाटक विद्यापीठाचा मरीन बायॉलॉजी विभाग कारवारला कोडीबागेत आहे, मी तिथलाच. जेटीवर नुसतं मोजायचं नसतं. पोटात काय खाल्लेलं आहे, कुठल्या महिन्यात माद्या गाभण आहेत, होडी किती खोलीवर गेली होती, हे सगळं लिहायचं. समज, एखाद्या खाडीच्या तोंडाजवळून बेंबीची खूण अजून न बुजलेली पिल्लं सारखी येतायत. म्हणजे माद्या तिथं विणायला येतात. हे वर्तनच झालं की! पुढं जिवंत शार्क कुठं जातो ते कळायला ट्रान्समीटर लावायचा तर कुठं लावायचा, हेही त्यावरूनच ठरतं.

तुझ्याकडं एक गोष्ट आयती आहे, भाषा. होडीवरच्या माणसाला सकाळी वेळ नसतो. त्याच्या बोलीत विचारलं तरच तो उत्तर देतो. कारवारला कोकणी आणि कन्नड, मालवणात मालवणी. मी मालवणात दोन महिने नुसता ऐकत बसलो होतो. तुझी मराठी आणि कन्नड दोन्ही चालते, मग कोकणी कानावर बसायला वेळ लागणार नाही.

आणि संवर्धन तर बोलण्यावरच चालतं. व्हेल शार्कला 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं, 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. पण गुजरातेत मच्छिमार स्वतः जाळं कापून व्हेल शार्क सोडू लागले, ते लोकांनी किनाऱ्यावर जाऊन समजावल्यावर आणि जाळ्याची भरपाई मिळू लागल्यावर.

पैशाचं खरं सांगतो. नेट-जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000. नाही मिळाली तर प्रकल्पावर कंत्राटी काम, आणि माझा पगार एकदा चार महिने अडकला होता. घरी हे लपवू नकोस.

निपाणीची_आई : सीमाभागाच्या जागा सगळ्याच अभ्यासक्रमांना नसतात गं, त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका बघूनच ठरव. आणि बाबांना एकदा कारवारला घेऊन जा. माझ्या मुलीच्या वेळी आम्हीही असेच घाबरलो होतो. कॉलेज बघितलं, तिथल्या बाईंशी बोललो, मग झोप लागली.

कोडीबागचा_विद्यार्थी : पोहण्याचं राहिलंच. आधी समुद्रात पोहायची सवय कर, स्कूबा नंतर. मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला नेतात, पण त्याची घाई नको.

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. पगाराचंसुद्धा बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जाऊन तर येऊ." पुढच्या शनिवारी निघतोय. जेटीवर किती वाजता पोचावं?

कोडीबागचा_विद्यार्थी : कारवारच्या बैतखोल बंदरावर सकाळी सहाच्या आत. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी असते, त्याआधी येताय हे बरं. वही, पट्टी आणि जुन्या चपला आण. मुशी दिसली तर बाबांना शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवायला सांग, खरकागदासारखी लागते.