मदत हवी आहे: दोन डिझेल टाक्या, एक इंजिन. डावी टाकी निम्म्या वेळात रिकामी, उजवीच्या व्हेंटमधून (टाकीच्या हवा जायच्या नळीतून) डिझेल बाहेर

खाडीवरचा:
फायबरची मासेमारी बोट, ४२ फूट, रत्नागिरी. ६ सिलिंडर डिझेल, ११० हॉर्सपॉवर, इनलाइन इंजेक्शन पंप. इंजिन रूममध्ये डावी-उजवीकडे ४००-४०० लिटरच्या दोन स्टील टाक्या. दोन्हींच्या वरून सक्शन पाइप निघतात, प्रत्येकावर एक कॉक, मग टी (तीन तोंडांचा जोड), तिथून एकच लाइन फिल्टरला आणि पुढे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला. इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्न लाइन थेट उजव्या टाकीत. टाकी ते टी अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, पुढे रबरी नळी.

त्रास दोन आहेत.
१) फक्त डावा कॉक उघडा ठेवला तर १६०० आरपीएमला डावी टाकी साडेनऊ तासांच्या आत संपते. तासाला १८ लिटर जळतं, म्हणजे २२ तास पुरायला हवी. आणि उजवीत ३०० लिटर असेल तर चारेक तासांत तिच्या व्हेंटमधून डिझेल सांडायला लागतं.
२) दोन्ही कॉक उघडे ठेवले की डावी तळाला लागल्यावर इंजिन हापसतं आणि बंद पडतं. उजवीत तेव्हा दोनशे लिटर असतं.
मासेमारी बंदीच्या काळात लाइन नवी करायची आहे. काय बदलू?

पाना_बारा:
पहिल्याचं उत्तर रिटर्नमध्ये आहे. उजवीची रिटर्न नळी टाकीजवळ सोडा, कॅनमध्ये धरा, बोट धक्क्याला बांधलेली असताना १६०० आरपीएमला १० मिनिटं चालवा आणि किती लिटर येतं ते लिहा. कॅन मोठा घ्या.

खाडीवरचा:
मोजलं. १० मिनिटांत सव्वासहा लिटर. एवढं परत येतं?

पाना_बारा:
येतं. फीड पंप गरजेपेक्षा बरंच जास्त डिझेल ढकलतो. इंजेक्शन पंपाला लागेल तेवढं तो घेतो, उरलेलं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून आणि नोझलच्या गळतीच्या नळीतून परत जातं. तुमचं तासाला साडेसदतीस लिटर झालं, पण ते बिनभाराचं. बिनभारात साधारण ५ लिटर जळतं, भारात १८. हा १३ लिटरचा फरक रिटर्नमधून वजा करा, म्हणजे जाळं ओढताना तासाला २४ च्या आसपास परत येतं.

आता हिशोब मांडा. डावीतून तासाला १८ अधिक २४, म्हणजे ४२ लिटर उपसलं जातं. ४०० भागिले ४२, साडेनऊ तास. उजवीत चार तासांत ९६ लिटर पडलं, ३०० चे ३९६ झाले आणि पुढचं व्हेंटने समुद्रात. डिझेल जळतही नाही, चोरीलाही जात नाही, तुम्ही ते एका टाकीतून दुसरीत भरताय.

ज्या टाकीतून ओढता, तिच्यातच परत सोडा.

गाळणी:
दुसऱ्या त्रासाचं कारण टी. दोन नळ्या घालून एकाच वेळी शहाळं प्यायला बसा आणि एक नळी पाण्याबाहेर काढा, तोंडात हवाच येते. हवा ओढायला डिझेलपेक्षा खूप कमी जोर लागतो, म्हणून एक टाकी तळाला गेली की पंप तिथूनच हवा घेतो, दुसरी काठोकाठ भरलेली असली तरी. वरून सक्शन असलेल्या दोन टाक्या टीने जोडून एकाच वेळी उघड्या ठेवायच्या नसतात.

आणि तो जीआय पाइप आधी काढून टाका. गॅल्वनाइझिंगचं जस्त डिझेलशी हळूहळू मिसळतं, त्याचा साबणासारखा चिकट साका होतो आणि फिल्टर वारंवार चोंदतो. साधा काळा स्टील किंवा स्टेनलेस पाइप घ्या.

भरतीओहोटी:
इतकं कशाला? दोन्ही टाक्या तळाशी एक इंची पाइपाने जोडा, मधे एक व्हॉल्व्ह. पातळी आपोआप सारखी राहील, सक्शन-रिटर्न एकाच टाकीला.

पाना_बारा:
पातळी सारखी राहते ती बोट सरळ असेपर्यंत. मासळी डावीकडे टाकली, बोट डावीकडे झुकली, की उजवीचं डिझेल डावीकडे वाहतं आणि बोट आणखी झुकते. ४०० लिटर डिझेल म्हणजे साधारण ३३५ किलो, ते नको त्या बाजूला जातं. शिवाय तो पाइप तळाशी. कुठे फुटला तर दोन्ही टाक्या बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) रिकाम्या. जोडायचाच असेल तर प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एकेक व्हॉल्व्ह हवा, मधला एक पुरत नाही, आणि समुद्रात ते दोन्ही बंद.

यांच्या बोटीला माझ्या मते दोन रस्ते आहेत.

पहिला, आणि मला पसंत असलेला: डावी मुख्य, उजवी राखीव. सक्शन आणि रिटर्न दोन्ही कायम डावीला. उजवीचं डिझेल २४ व्होल्टच्या छोट्या पंपाने किंवा हाताने फिरवायच्या पंपाने, मधे गाळणी ठेवून, डावीत घ्यायचं. डावीच्या माथ्याजवळून उजवीच्या माथ्यात एक इंची ओव्हरफ्लो पाइप द्या; पंप बंद करायला विसरलात तर जादा डिझेल उजवीत परत जाईल, व्हेंटमधून बाहेर नाही. रिटर्नवर एकही व्हॉल्व्ह लागत नाही. खलाशी बदलला तरी समजावायला सोपं.

दुसरा: दोन तीन-मार्गी व्हॉल्व्ह, एक सक्शनला, एक रिटर्नला, दोघांचे हँडल एका पट्टीने जोडलेले. एकच फिरवला आणि दुसरा राहिला की आजचाच त्रास परत. हँडल अर्ध्यात राहून रिटर्न तुंबली तर पंपात दाब चढतो आणि सील जातात. म्हणून टाकी बदलायची ती इंजिन स्लोवर आणून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रिटर्नवर साधा बंद होणारा कॉक कधीही बसवू नका.

खाडीवरचा:
पहिला रस्ता घेतो. नळीचे साइज आणि टाकीतल्या पाइपांची खोली सांगाल का?

गाळणी:
सक्शन आतून १० मिमी, रिटर्न ८ मिमी. सक्शन पाइपाचं खालचं टोक ४५ अंशात कापा आणि तळापासून २५ मिमी वर ठेवा. त्याखाली पाणी आणि गाळ बसतो, तो तिथेच राहू दे. टाकीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात काढायचा प्लग द्या, महिन्यातून एकदा तिथून पाणी काढा.

रिटर्नचं टोकही डिझेलमध्ये बुडालेलं असू द्या, नाहीतर फेस होतो आणि इंजिन बंद असताना त्या बाजूने हवा मागे शिरते. मात्र सक्शनपासून किमान १ फूट लांब, म्हणजे परत आलेलं गरम डिझेल आणि बुडबुडे लगेच ओढले जाणार नाहीत.

व्हेंट प्रत्येक टाकीला वेगळा, आतून १४ मिमीपेक्षा कमी नको. वर हंसाच्या मानेसारखा वाकवून तोंडाला जाळी. भरायचा पाइप आतून ३८ मिमी. इंजिन दम टाकतंय आणि भरायचं झाकण सैल केल्यावर सुस्कारा येऊन इंजिन उचलतंय, तर व्हेंट चोंदलाय. रंगकामात त्या जाळीवर सर्रास रंग बसतो.

नळी आयएसओ ७८४० ए१ असा छाप असलेली घ्या, ती आगीत काही वेळ टिकते. बाजारातली काळी गॅस नळी डिझेलने आतून फुगते. निपल निदान इंचभर लांब, त्यावर दोन स्टेनलेस क्लिपा, स्क्रू समोरासमोर. चुडीला (पाइपाच्या आट्यांना) टेफ्लॉन टेप लावू नका, त्याचे तुकडे पंपात जातात. पातळ सीलंट वापरा, आणि पहिल्या दोन चुड्या कोऱ्या ठेवा.

पाना_बारा:
फिल्टर दोन टप्प्यांत. टाकी आणि फीड पंपाच्या मधे पाणी वेगळं करणारा ३० किंवा १० मायक्रॉनचा, खाली धातूचा कप असलेला. बारीक फिल्टर पंपानंतर, इंजिनवरचाच. २ मायक्रॉनचा सक्शनला लावला तर पंपाला ओढताना धाप लागते. पहिला फिल्टर आणि फीड पंपाच्या मधे व्हॅक्यूम गेज बसवा. नव्या फिल्टरला पाऱ्याचे १–२ इंच दिसतील, ६–७ ला गेलं की बदला.

सक्शन बाजूची गळती डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. फिल्टरनंतर तात्पुरती फूटभर पारदर्शक नळी लावा. बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीकडून एकेक जोड तपासत या. तरी कळलं नाही तर वेगळा कॅन आणि नवी नळी थेट फीड पंपाला द्या. त्यावर इंजिन नीट चाललं तर इंजिन निर्दोष, दोष बोटीच्या लाइनमध्ये. काम झाल्यावर कॅन आणि पारदर्शक नळी दोन्ही काढा.

खाडीचा_वारा:
मधेच एक प्रश्न: माझी छोटी बोट पेट्रोल आउटबोर्डची, दोन टाक्या. हेच सगळं लागू का?

गाळणी:
नाही. बहुतेक आउटबोर्डला रिटर्न टाकीत जात नाही, त्यामुळे एक तीन-मार्गी व्हॉल्व्ह पुरतो. पण पेट्रोलची वाफ खाली साचते. टाकीला तळाशी छिद्र नको, सक्शन वरूनच, आणि त्यावर सायफन थांबवणारा व्हॉल्व्ह. वेगळा धागा काढा, इथे मिसळ होईल.

खाडीवरचा:
लाइन झाल्यावर हवा काढायचा क्रम? आणि बँजो बोल्टचे (ज्यांच्या आतून डिझेल वाहतं त्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वॉशर चालतील का?

पाना_बारा:
आधी टाक्या-लाइन बंद करून ०.२ बार हवा भरा, ५ मिनिटं काटा हलता कामा नये, जोडांवर साबणाचं पाणी. त्याहून जास्त दाब देऊ नका, सपाट पत्र्याची टाकी फुगते. मग डिझेल भरा. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करून हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. तसंच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला. तरीही सुरू झालं नाही तर नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा, हाताचं बोट जवळ नेऊ नका, ती धार कातडीत घुसते. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणारं इंजिन असेल तर बराच वेळ स्टार्टर मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, सुरू झाल्याबरोबर उघडा.

वॉशर नवेच बरे. मिळाले नाहीत तर जुना गॅसवर लालभडक करून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं, पोलादासारखं कडक होत नाही. काळी पपडी पॉलिश पेपरने काढा आणि दोन्ही बाजूंना बोटाने चाचपा. नखाला खाच लागली तर तो वॉशर टाकून द्या.