शब्दचर्चा : ‘खुला बाजार’ म्हणजेच ‘मुक्त बाजार’ का?

पेठकर
‘कांद्याचा बाजार खुला करा.’ ‘मुक्त बाजाराने शेतकऱ्याला मारले.’ ‘तुरीला खुल्या बाजारात हमीभावापेक्षा जास्त दर.’ अशी वाक्ये सोलापूरच्या कोणत्याही वर्तमानपत्रात सापडतील. या तिन्हींत बाजार एकच आहे का? ‘हमीभाव’, ‘आधारभूत किंमत’ आणि ‘रास्त भाव’ हेही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. जाणकारांनी उदाहरणे देऊन फरक सांगावा.

मालदांडी
एकच नाहीत, आणि फरक मोठा आहे.

‘खुला बाजार’ म्हणजे सरकारी खरेदीच्या बाहेर झालेला व्यवहार. रेशन आणि लेव्हीच्या काळात हा शब्द रुळला. कारखान्याच्या साखरेतला ठरावीक हिस्सा सरकार आपल्या दराने उचलायचे, ती लेव्ही साखर. उरलेली ‘खुल्या बाजारातली’. लेव्ही 2013 मध्ये गेली, शब्द राहिला.

‘मुक्त’ म्हणायला दुसरी कसोटी लागते. विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का? नव्या खरेदीदाराला कोणाच्या मेहेरबानीशिवाय आत येता येते का? माल कुठे, कधी, कितीला विकायचा हे मालकाच्या हातात आहे का? या कसोटीवर साखर बघा. ती आज खुल्या बाजारात विकली जाते, पण कोणत्या महिन्यात किती विकायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवते. ही पद्धत 2013 मध्ये बंद झाली आणि 2018 मध्ये परत आली. त्याखेरीज फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ही किमान विक्री किंमत ठरवली गेली. म्हणजे साखरेचा बाजार खुला आहे, मुक्त नाही. सोलापूर जिल्ह्यात इतके कारखाने असताना हा फरक इथल्या बातमीत तरी नीट यायला हवा.

काटा
यात तिसरा शब्द घाला : ‘उघड’. बाजार समितीत होतो तो उघड लिलाव. पूर्वी हत्ता पद्धत होती. आडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचे आणि मालाचा मालक शेजारी उभा असून त्याला आकडा कळायचा नाही. बाजार समितीच्या कायद्यांनी लिलाव उघड केला, ही त्यांची खरी कमाई. पण बोली ऐकू येणे वेगळे आणि बोली लावणारे पुरेसे असणे वेगळे. दहा गाळ्यांपुढे तेच चार खरेदीदार फिरत असतील तर लिलाव उघड असूनही स्पर्धा नसते.

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, वाचताना कोणते शब्द टक्केवारीचे आणि कोणते वजनाचे किंवा नगाचे, हे आधी वेगळे करा. आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, टक्क्यावर असते, भाव पडला की तीही पडते. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे हे पोत्यावर किंवा वजनावर, त्यांना भावाशी देणेघेणे नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापुरात आलेल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी देशभर गाजली, ती यामुळेच. दहा पोती, 512 किलो, दर किलोला 1 रुपया. हमाली 40.45, तोलाई 24.06, उरलेले 445 वाहतुकीपोटी. एकूण कपात 509.51 आणि हातात 2.49. या पट्टीत आडत नाही, कारण जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली गेली. तेव्हा ‘आडत्याने लुटले’ हे वाक्य या पट्टीला लागू पडत नाही. दर कोसळला आणि स्थिर खर्च तसाच राहिला, हे नेमके वर्णन.

मालदांडी
काटा, एक पुरवणी. त्याच जुलै 2016 च्या बदलाने फळे-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचे नियंत्रणही उठले. म्हणजे कायद्याने कांदा त्या दिवसापासून राज्यात बराचसा मुक्त आहे. तरी गाड्या बाजार समितीतच येतात.

उंबरठा
येणारच. कायद्यातली मोकळीक आणि हातातली मोकळीक यांत अंतर असते. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे येतो तो लाल कांदा, खरीप आणि लेट खरिपाचा. त्यात पाणी जास्त आणि साल पातळ, त्यामुळे तो टिकत नाही. रब्बीचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. ज्याचा माल आठवड्यात सडणार, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कागदावरच. मालदांडींच्या कसोटीवर लाल कांद्याचा विक्रेता मुक्त नाही, आणि इथे त्याला कोणत्याही सरकारने बांधलेले नाही.

म्हणून मी बाजार समितीकडे वेगळ्या नजरेने बघतो. ओळखीचा आडत्या उचल देतो, पट्टी करतो, खरेदीदार पळाला तर पैशाला जबाबदार राहतो. ही पिढ्यांनी बसवलेली घडी आहे. जून 2020 च्या केंद्राच्या अध्यादेशाने, आणि पुढे सप्टेंबरच्या कायद्याने, आवाराबाहेर व्यापार करायला नुसते पॅन कार्ड पुरेसे ठरवले. पैसे त्याच दिवशी, किंवा प्रक्रियेमुळे लागलेच तर कामकाजाच्या तीन दिवसांत द्यायचे. ना परवाना, ना बँक हमी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अंमलबजावणी थांबवली, नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेतले गेले. माझे म्हणणे असे की दिशा बरोबर होती आणि पायरी चुकली. आधी तारण, मग मोकळीक.

असे म्हणणाऱ्याला लगेच ‘पुराणमतवादी’ म्हणतात. तो शब्द जुने ते सोने मानणाऱ्याचा. अठराव्या शतकातला ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क फ्रेंच राज्यक्रांतीच्या विरोधात होता, पण अमेरिकी वसाहतींच्या तक्रारींच्या बाजूने बोलला होता. बदल नको असे त्याचे म्हणणे नव्हते, चालती व्यवस्था मुळासकट उपटू नका असे होते. त्याला ‘परंपरानिष्ठ’ म्हणा.

मालदांडी
‘परंपरानिष्ठ’ मान्य. पण ‘उजवे’ या एका टोपलीत परंपरानिष्ठ आणि बाजारवादी दोघांना कोंबतात, ते थांबले पाहिजे. बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकने 1960 मध्ये स्वतःला परंपरावादी म्हणवून घ्यायला स्पष्ट नकार दिला होता. आपल्याकडे 1959 मध्ये राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्ष काढला तो लायसन्स-परमिट राजच्या विरोधात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला तोही त्याच वाटेवर.

तारणाबद्दल उंबरठा यांचे पटते. मात्र लाल कांद्याचे उदाहरण देऊन सरकारला सोडून देऊ नका. 2023 पासूनचा क्रम बघा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त निर्यात करता येत नाही), 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी. ती उठली मे 2024 मध्ये, तीही 550 डॉलर मूल्य आणि 40 टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये मूल्याची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आले, ते 1 एप्रिल 2025 ला संपले. भाव चढू लागला की दार बंद, पडला की दार उघडे. याला ‘मुक्त बाजार’ म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे, आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचे खापर चुकीच्या डोक्यावर फोडणे आहे. सरकारी धोरणाने शेतकऱ्याचा भाव पाडला जातो, त्याला शरद जोशींनी ‘उणे सबसिडी’ म्हटले, ते हेच. पुढे क्विंटलला 350 रुपयांचे अनुदान मिळाले, 200 क्विंटलच्या मर्यादेत, तेही 2023 च्या फेब्रुवारी-मार्चच्या विक्रीपुरते. आधी भाव पाडून मग दिलेल्या पैशाला अनुदान नव्हे, भरपाई म्हणावे.

काटा
त्या अनुदानाची विक्री निर्यातबंदीच्या आधीची आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये निर्यात चालू होती, तेव्हाचा दर आवकेने पडला. तुमचा मुद्दा डिसेंबरनंतरच्या पट्ट्यांना लागतो. दोन्ही एका वाक्यात घेऊ नयेत.

मालदांडी
बरोबर. ‘भरपाई’ हा शब्द डिसेंबर 2023 नंतरच्या विक्रीसाठी राखून ठेवतो.

पेठकर
आणि ‘हमीभाव’? कांद्याला तो नाहीच ना?

काटा
नाही. केंद्र 22 पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यात कांदा नाही. ‘आधारभूत’ हा शब्द नेमका आहे, ‘हमी’ फसवा. सोयाबीनची 2024-25 ची आधारभूत किंमत क्विंटलला 4,892 रुपये होती. ती मिळायला खरेदी केंद्र सुरू व्हावे लागते, आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते आणि मालात ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. परतीच्या पावसात काढलेले सोयाबीन इथेच अडकते. त्या हंगामात ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली, तीही नोव्हेंबरमध्ये, गरजवंतांचा माल विकून झाल्यावर. ही किंमत देण्याची सक्ती केंद्राने व्यापाऱ्यावर कायद्याने केलेली नाही.

खरी हमी उसाला आहे, आणि तिला कोणी हमीभाव म्हणत नाही. एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. 2024-25 साठी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलला 340 रुपये. 1966 च्या आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक त्यातून कापली जाते, म्हणून जाहीर आकडा आणि खात्यावरचा आकडा जुळत नाही.

उंबरठा
आणि एफआरपीतला ‘रास्त’ सोडला तर ‘रास्त भाव’ हा मागणीचा शब्द आहे, कायद्याचा नाही. आंदोलनाच्या बातमीत तो घाला, दराच्या तक्त्यात नको.

पेठकर
मग वरची तीन वाक्ये अशी दुरुस्त करतो : ‘कांद्याच्या निर्यातीवरचे निर्बंध उठवा.’ ‘आवक वाढून दर पडला.’ ‘तुरीला बाजार समितीत आधारभूत किमतीपेक्षा जास्त दर.’ तिसऱ्यात ‘खुल्या बाजारात’ ठेवले तरी चालेल ना?

मालदांडी
चालेल. सरकारी केंद्राबाहेर विकली एवढाच अर्थ तिथे आहे. दुसऱ्यात मात्र कोणता कांदा ते लिहा, लाल की उन्हाळी.