रसाळ-सुमार-महिपत एका दिवसात : हलकी सॅक की अपुरी तयारी?

रानवाट
रत्नागिरीकडच्या खेड तालुक्यातली रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही किल्ल्यांची रांग बहुतेक जण मुक्काम टाकून करतात. हिवाळ्यात ती हलक्या सॅकने एका दिवसात करावी असं ग्रुपवर सुचवलं, तर ज्येष्ठांचं म्हणणं आलं की सामान कमी करणं म्हणजे जिवाशी खेळ. मला हे अजिबात पटत नाही. कोकणाच्या अंगाने चढताना माणूस थंडीने नाही, उकाड्याने गळतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही, आणि पाठीवर जितकं ओझं जास्त तितकं अंग तापतं. सुमारगडाच्या माथ्याजवळ कातळटप्पा आहे. तिथे पंधरा किलोंची सॅक मागे ओढत असताना तोल सांभाळणं सोपं, की पाच किलोंची?

मग कमी काय करायचं? तंबू घरी. अडलंच तर रसाळगडावर झोलाईचं देऊळ आहे, महिपतगडावर पारेश्वराचं. स्टोव्ह आणि भांडी घरी. भाजलेले पोहे, गूळ-शेंगदाणे, खजूर पुरतात. छोट्या बाटलीत खारं कोकम आगळ घ्यावं, पाण्यात दोन झाकणं टाकली की घामातून गेलेलं मीठ भरून निघतं.

अमेरिकेत एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या बाईंनी १९५५ मध्ये तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने पुरी केली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आणि लांब कशाला जायचं? फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान एवढा लवाजमा घेऊन उंबरखिंडीत उतरला, त्याला अडवणारे शिवाजी महाराजांचे मावळे सडेच, बिनओझ्याचे होते.

कातळ
मावळ्यांना तो मुलूख पाठ होता. आपल्याला नाही. गेटवूडबाईंच्या वाटेवर झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात. सुमार ते महिपत मध्ये कारवीची झुडपं आणि गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा. पावसाळा सरला की गवत छातीला लागतं, तीन फाटे दिसतात आणि तिन्ही सारखेच मळलेले. तिथे दोन तास गेले की एका दिवसाचं गणित संपलं. गडांवर टाकी आहेत, पण मधल्या रानात पाण्याचा भरवसा नाही. तुझ्या पाच किलोंत पाणी किती?

रानवाट
दादा, पाच किलो हे पाणी आणि खाणं सोडून. जगभर हलक्या सॅकवाले असंच मोजतात, त्यांची हद्द तर साडेचार किलोंची. पाणी चार लिटर घ्यायचंच, त्यात काटछाट नाही. इतर ओझं कमी केलं म्हणूनच ते झेपतं.

जगबुडी
मी खेडची. तुम्ही दोघं वजनावर भांडताय, माझा मुद्दा वेगळा आहे. कमी सामानवाल्यांच्या हिशोबात "वाडीत मिळेल" हे गृहीत धरलेलं असतं. धनगरवाड्यात जानेवारीनंतर बायका लांबून हंडे आणतात आणि दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. ते पाणी तुमच्या नियोजनात धरणं मला चुकीचं वाटतं. मुक्कामाला येणारे जेवण सांगतात, वाटाड्या घेतात, चार पैसे वाडीत राहतात. पळत जाणारे हात हलवत निघून जातात, आणि रात्री कोणी हरवला की बॅटऱ्या घेऊन रानात आमचीच पोरं शिरतात.

साधना_चिपळूण
प्रथमोपचाराबद्दल थोडं, कारण मोठी पेटी नेली की आपण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. या पट्ट्यात फुरसं हा विषारी साप भरपूर. त्याच्या दंशावर पेटीतलं काहीही चालत नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. पाय हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्यायचं, कारण प्रतिविष तिथेच मिळतं. विंचवाचंही तेच. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले, पण तेही डॉक्टरच्या नजरेखाली. म्हणजे सॅक हलकी असो की जड, उचलायला माणसं हवीत. एकट्याने जाणं मला मान्यच नाही. रानवाट, तुमच्या बेतातला खरा धोका मला सॅकमध्ये नाही, वेळेत दिसतो. एका दिवसात बसवायचं म्हणून तुम्ही अंधारात निघणार, बहुधा घोटे उघडे टाकणारे पळायचे बूट घालून. फुरसं रात्रीच फिरतं.

रानवाट
ताई, हे पटलं. मग चौघं जातो, वाडीतला वाटाड्या घेतो, उजाडल्यावर निघतो आणि महिपतगडावर देवळात झोपतो. बूट घोटा झाकणारे. पण सॅक तीच. वर फक्त एक शाल आणि फोमची पट्टी, मिळून किलोभरही नाही.

कातळ
म्हणजे एका दिवसाचा हट्ट सुटला, मला तेवढंच हवं होतं. हलक्या सॅकबद्दल मात्र मी अजून जागचा हललेलो नाही. चौघांत मिळून दोर कुठे आहे? कातळटप्प्यावर एक जण जरी घाबरला तरी लागतो. त्याचे दोन किलो कोण उचलणार ते आधी लिही.