कार्ड दमदार, तरी गेम अडखळतो: तुमचे अनुभव लिहा

कोयनाकाठ
मंडळी, पैसे साठवून घेतलेल्या ग्राफिक्स कार्डावर गेम रडतखडत चालला की जीव तुटतो. त्यात दुकानात नेलं की "कार्ड बदलून घ्या" हेच ऐकायला मिळतं. ज्यांना खरं कारण सापडलं त्यांनी इथे सविस्तर लिहा, पुढच्याचे पैसे वाचतील.

सुरुवात मी करतो. भाच्याच्या पीसीत आरटीएक्स ३०६०, तरी गेममध्ये गजबजलेल्या शहरात शिरलं की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन खाली. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघितले तर कार्डाचा वापर जेमतेम ५५-६० टक्के. वापर ९५च्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय. तो बराच कमी असेल आणि आपण एफपीएसला मर्यादा घातलेली नसेल, तर कार्डाला काम पुरवणारं कुणीतरी मागे पडतंय. खात्रीसाठी रिझोल्युशन १०८०पी वरून १४४०पी केलं. कार्डावरचा भार वाढूनही एफपीएस तेवढेच राहिले. म्हणजे दुखणं प्रोसेसर-रॅमकडे.

कॅबिनेट उघडलं तर रॅमची १६ जीबीची एकच स्टिक. तिच्यावर वेग ३२०० छापलेला, चालत होती २१३३ वर! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं, तशीच दुसरी स्टिक आणली आणि दोन्ही प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, म्हणजे दोन्ही एकदम काम करतात (ड्युअल चॅनल). वापर नव्वदीत गेला, अडखळणं थांबलं. "पुढे वाढवता येईल" म्हणून एकच मोठी स्टिक गळ्यात मारतात, ते मला अजिबात पटत नाही.

ऊन_विदर्भ
आमच्या नागपुरात मे महिन्यात वेगळाच प्रकार. गेम सुरुवातीला झकास, थोड्या वेळाने फ्रेम गळायला लागायच्या. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. तापमान ८३ अंशांना टेकलं की क्लॉक (कार्डाचा वेग) पायरीपायरीने उतरताना स्पष्ट दिसायचा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परफकॅप रीझन (वेग कशामुळे अडला) म्हणून एक ओळ असते, तिथे थर्मल लिहून आलं की शंका उरत नाही.

बाजूचं पॅनेल काढून खेळून बघितलं तर तापमान चांगलंच उतरलं, म्हणजे कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नव्हती. हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये उशीतल्या कापसासारखी धूळ गच्च बसलेली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्टही वाळून तडकली होती, ती बदलली. पुढे हवा आत घेणारा एक पंखा लावला. आता भर उन्हाळ्यातही सत्तरीच्या आसपास असतं.

सायली_के
माझं छोटंसं. असेंबल होऊन आलेल्या पीसीत मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये जोडलेली होती, म्हणजे कार्ड बाजूलाच राहिलेलं. खाली कार्डाच्या पोर्टमध्ये लावली, प्रश्न मिटला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटही (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते ते) बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा ६०वरच पडून असतो.

दर्यावर्दी
आरएक्स ६५०० एक्सटी वापरणाऱ्यांनी हे वाचाच. या कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीच्या) फक्त चारच लेन, म्हणजे वाटा, आहेत. पीसीआयई ४.० च्या बोर्डवर निभावून जातं, पण माझा बी४५० बोर्ड ३.० चा, म्हणजे वाट निम्मी. कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) रॅममधून त्या अरुंद वाटेने ओढावे लागतात आणि झटके बसतात. टेक्श्चर अल्ट्रावरून मीडियमवर आणले, मेमरी ४ जीबीच्या आत राहिली, झटके गेले. जुन्या बोर्डासाठी हे कार्ड सुचवणाऱ्यांनी एवढं तरी सांगायला हवं.

माळरान
स्वस्तात घेताना जीटी १०३० नीट तपासा. नाव एकच, पण जीडीडीआर५ वाल्याची मेमरी बँडविड्थ (डेटा ने-आण करण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी आणि डीडीआर४ वाल्याची १६.८. माझ्या भावाला विक्रेत्याने डीडीआर४ वालं दिलं, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. सेटिंगने हे सुधारत नाही, परतच करावं लागलं.

परदेशी_पाखरू
इंटेल आर्क ए७५० साठी: बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू नसेल तर हे कार्ड फारच मागे पडतं. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागतं, पण विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मग पीसी बूटच होत नाही. आधी बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या, त्यानंतरच बायोसला हात लावा.