मदत हवी आहे : झोळीची टोकं नेफ्यात ओवावीत की चुण्या घालून बांधावीत?

पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर रात्रभर झोपता येईल अशी टांगती झोळी (हॅमॉक) शिवली आहे. कापड रिपस्टॉप नायलॉन (चौकटीच्या विणीचं, सहज न फाटणारं), ११ फूट लांब, ५८ इंच रुंद. माझी उंची ५ फूट ८ इंच. टांगण्याचे दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत आहेत, वरची ताणदोरी (झोळीची दोन टोकं जोडणारी दोरी) ११० इंच, म्हणजे कापडाच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के, आणि मी तिरकाच झोपतो. तेव्हा प्रश्न फक्त टोकांचा आहे.

सध्या टोकांना नेफा शिवून त्यातून दोर ओवलाय. पाठ छान सपाट राहते, पण पोटरीखाली मधोमध कापडाचा ताठ उंचवटा येतो आणि पहाटेपर्यंत पाय अवघडतात. नेफ्याऐवजी सारख्या चुण्या घालून दोरीने घट्ट आवळूनही पाहिलं. उंचवटा कमी झाला, पण कडा सैल पडल्या आणि वाऱ्यावर फडफडतात, झोपच लागत नाही. नुसती गाठ नको, कापड निसरडं आहे. गुडघ्याखाली उशी घेणं किंवा जास्त लांब कापड आणणं सध्या जमणार नाही.

चुण्या घालताना दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा दोन-तीन इंच जास्त ओढून घेतल्या तर उंचवटा परत वाढेल का? आणि असं फक्त पायाकडच्या टोकाला करायचं की डोक्याकडेही?