लॅपटॉप स्टँड घरी करायचाय – प्लाय की सागवान?

दांडियाबाजारवाली
बडोद्यात असते, काम घरूनच. संध्याकाळपर्यंत मान धरते. लॅपटॉप १५.६ इंची. माळ्यावर जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या पडून आहेत. करवत आणि ड्रिल आहे, रंधा नाही. सुताराला विचारलं तर म्हणे, "एवढ्याशा कामाला कोण येणार, बेन!" प्लाय आणू की हेच वापरू?

भुसा_फार_उडतो
लाकडाचं नंतर, आधी उंची ठरवा. नेहमीसारख्या बसा आणि लॅपटॉपखाली दिवाळी अंक रचत जा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली आली की गठ्ठा मोजा. पण तेवढ्या उंचीवर लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाइप केलंत तर मान सुटेल आणि खांदे धरतील. वेगळा कीबोर्ड-माउस घ्यायचा नसेल तर हा नादच सोडा.

आता लाकूड. दोन्ही वापरा की! उताराचे दोन पाय १२ मिमी प्लायचे, वर आडव्या पट्ट्या सागवानाच्या, तीन पुरेत. अख्खी फळी ठोकू नका, हवा ओढायची जाळी बहुतेक लॅपटॉपच्या पोटाखालीच असते. पुढच्या पट्टीला घसरू नये म्हणून कड हवीच, पण ती लॅपटॉपच्या खालच्या भागाच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर झाकण उघडताना अडेल. पाय मागे चार बोटं जास्त लांब घ्या. स्क्रीन मागे कलली की वजन तिकडे जातं. आणि दोन्ही पाय एकावर एक आवळून एकदमच कापा, म्हणजे डुगडुगणार नाही.

मांडवीकर
पलंगाच्या लाकडात मोडके खिळे हमखास असतात. करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा. आणि पट्ट्या संखेडा गावच्या, लाखेच्या नक्षीच्या असतील तर कृपा करून कापू नका!

दांडियाबाजारवाली
नाही हो, साध्याच आहेत :) प्लायची अख्खी शीट घ्यावी लागेल का?

मांडवीकर
छे! ८ बाय ४ फुटांची शीट ठेवणार कुठे? दुकानात कटपीस मागा. सरळ काप तेच मारून देतात, तिरका तुम्ही घरी मारा.

भुसा_फार_उडतो
प्लायच्या कडेत स्क्रू थेट पिळू नका, थर उकलतात. ४ मिमीच्या स्क्रूला आधी २.५ मिमीचं भोक पाडा. स्क्रूबरोबर फेविकॉलही लावा आणि रात्रभर हलवू नका. सध्याच्या दमट हवेत तर पूर्ण दिवस जाऊ दे.

दांडियाबाजारवाली
आवळून ठेवायला क्लँप नाही.

भुसा_फार_उडतो
सुतळीचे वेढे द्या, त्यात पेन्सिल अडकवून पीळ भरा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा. सुकला तर त्या जागी पॉलिश चढत नाही, पांढरा डाग राहतो. रंधा नसला तरी चालेल: १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, दोन्ही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा.