मॅकवरून विंडोजच्या हार्डडिस्कवर फाईल पेस्टच होत नाहीये

रानवारा:
मंडळी, मदत हवीये. दादाच्या लग्नाचं सगळं शूटिंग, 180 जीबी, 1 टीबीच्या हार्डडिस्कवर आहे, घरच्या विंडोज पीसीवर जागा नव्हती म्हणून तिथलं डिलीट केलं. आता मॅकबुक एअर घेतलाय, 256 जीबीचा, त्यामुळे थेट डिस्कवरूनच क्लिप घेऊन एडिट करतेय. तर 11 जीबीची तयार फाईल परत डिस्कवर टाकायला गेले, पेस्टच होईना. वाचता येतंय, लिहिता येत नाही. डिस्क गेली का? आईला पीसीवर बघायचंय.

पायवाट:
डिस्क चांगली आहे. ती एनटीएफएस म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमध्ये आहे, मॅक ती नुसती वाचतो. मॅकच्या डिस्क युटिलिटी ॲपमधून ती एक्सफॅट फॉरमॅट करून टाक, दोन्हीकडे चालते. जुना फॅट32 फॉरमॅट करू नकोस, त्यात 4 जीबीच्या वरची फाईल बसत नाही.

चंद्रभागा:
ताई थांब!! फॉरमॅट मारलंस की सगळं शूटिंग पुसलं जाईल, आणि तुझ्याकडे दुसरी कॉपीच नाही. त्या डिस्कला हात लावू नकोस. फाईल नेटवर्कवरून पाठव. पीसी आणि मॅक एकाच राउटरवर घे, पीसीवर नेटवर्क प्रायव्हेट कर, एक फोल्डर बनवून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगमध्ये जाऊन रीड-राइट दे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून आयपी, म्हणजे पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, बघ. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाब, smb:// आणि पुढे तो आयपी टाक, पीसीचा पासवर्ड दे आणि फाईल त्या फोल्डरमध्ये टाक. झालं. आणि आधी एक नवी डिस्क घे, ती एक्सफॅट कर आणि शूटिंगची कॉपी काढ, हे उद्यावर ढकलू नकोस.

पायवाट:
बरोबर, माझी चूक, एकच कॉपी आहे हे वाचलंच नव्हतं.

रानवारा:
झालं एकदाचं! तासभर मॅक पासवर्ड चुकीचा म्हणत होता, मी पीसी उघडायचा चार आकडी पिन टाकत होते. तो नेटवर्कवर चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. वायफायवर पाऊण तास दाखवत होतं, मग दोन्हीकडे लॅन केबल लावली तर दोन-तीन मिनिटांत फाईल गेली. आई आत्ता हळदीचा भाग बघतेय. नवी डिस्क पण आणली, कॉपी चालू आहे.

चंद्रभागा:
मस्त! नवी डिस्क काढताना दोन्हीकडे आधी इजेक्ट कर, एक्सफॅट मध्येच ओढली तर फाईली बिघडू शकतात. आणि त्या डिस्कवर पीसीला डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या बारक्या फाईली दिसतील, त्या मॅकच्या आहेत, व्हायरस समजून घाबरू नकोस.